आठांतल्या एकीसाठी

डेक्सामेथासोन हे औषध तालुक्याच्या कुठल्याही मेडिकल दुकानात मिळतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आलं. दमा, अ‍ॅलर्जी, मेंदूवरची सूज, कर्करोगाच्या उपचारातली मळमळ अशा अनेक कारणांसाठी डॉक्टर ते लिहून देतात. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष आले, ऑक्सिजनवर असलेल्या कोविडच्या रुग्णांचे प्राण या स्वस्त स्टेरॉइडनं वाचू शकतात हे दिसलं आणि डेक्साचं नाव आपल्याकडच्या घराघरांत पोचलं. अवघड दिवसांत या औषधानं माणसं वाचवली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या पुस्तकाचा विषय मात्र याच औषधाचा एक वेगळा वापर आहे. दिवस राहिल्याचं कळताच, सहाव्या-सातव्या आठवड्यापासून, निरोगी बाईनं ते रोज तीन वेळा घ्यायचं. तिला कसलाही आजार नसतो. पोटातल्या गर्भाला आजार आहे की नाही, हेही त्या वेळी कळलेलं नसतं. १९८० च्या दशकापासून फ्रान्स, अमेरिका, स्वीडन आणि इतर काही देशांत हा उपचार केला गेला. २०१० साली अमेरिकेत त्यावरून वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांमध्ये असा वाद पेटला, की त्याची धग अजून पुरती निवलेली नाही.

आधी आजाराविषयी. कन्जेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेजिया, डॉक्टरांच्या बोलण्यात सीएएच, हा जन्मजात आजार आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. त्यासाठी लागणारं २१-हायड्रॉक्सिलेज हे विकर या मुलांमध्ये कमी असतं किंवा नसतंच. कॉर्टिसॉल पुरेसं बनत नाही म्हणून मेंदू ग्रंथींना अधिक जोरानं कामाला लावतो आणि अडून राहिलेला कच्चा माल पुरुषी संप्रेरकांच्या वाटेनं वळतो. आजाराचा तीव्र प्रकार साधारण पंधरा हजार जन्मांमागे एका बाळात आढळतो. त्यातल्या बऱ्याच बाळांच्या शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जातं. वेळीच निदान झालं नाही तर जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांत ती दगावतात. जी वाचतात, त्यांना जन्मभर औषध घ्यावं लागतं. नियमित औषध घेऊन शिकणारी, नोकरी करणारी, संसार करणारी माणसं मात्र पुष्कळ आहेत.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. गर्भातच पुरुषी संप्रेरकं वाढल्यामुळे त्यांची बाह्य जननेंद्रियं मुलांसारखी दिसू लागतात. गर्भाशय आणि अंडाशय जागच्या जागी असतात, बाहेरची रचना तेवढी वेगळी. काही बाळांच्या बाबतीत तर मुलगा की मुलगी हे सांगताना सुईणी आणि डॉक्टरही गोंधळतात. अशा मुलींवर लहानपणीच शस्त्रक्रिया करण्याची पद्धत अनेक दशकं चालत आली. संवेदना गेल्याची, वेदना राहिल्याची आणि आपल्याला न विचारता हे केल्याची तक्रार त्यांतल्या अनेकींनी मोठेपणी जाहीरपणे केली आहे.

डेक्सामेथासोनची कल्पना या टप्प्यावर पुढे आली. साधं हायड्रोकॉर्टिसोन आईनं घेतलं तर वारेतली विकरं ते बरंचसं निष्प्रभ करतात. डेक्सा मात्र वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतं, गर्भाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना शांत करतं आणि पुरुषी संप्रेरकांचा पूर ओसरतो. फ्रान्समध्ये मिशेल डेव्हिड आणि मागलोन फॉरेस्ट यांनी १९८४ मध्ये या उपचाराचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमध्ये बालसंप्रेरकतज्ज्ञ मारिया न्यू यांनी तो उचलून धरला. सीएएचवरच्या संशोधनात न्यू यांचा अधिकार मोठा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या त्या सदस्य होत्या आणि दूरदूरची कुटुंबं त्यांच्याकडे येत. उपचाराचा हेतू साध्य होतो हेही खरं. वेळेवर सुरू केलेल्या आणि नेमानं घेतलेल्या औषधानं बऱ्याच मुलींची जननेंद्रियं नेहमीसारखी किंवा जवळपास तशी घडली.

मग आक्षेप कशाला? तो समजण्यासाठी एका बाईचे ते आठवडे दिनदर्शिका समोर ठेवून पाहावे लागतात. तिचं पहिलं मूल सीएएचचं आहे, म्हणजे तिच्यात आणि नवऱ्यात सदोष जनुकाची एकेक प्रत आहे. पाळी चुकली, चाचणी झाली, तेव्हा चौथा-पाचवा आठवडा उलटत असतो. गर्भाच्या जननेंद्रियांची घडण सातव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, त्यामुळे गोळी त्याआधी पोटात जायला हवी. मात्रा आईच्या वजनावर ठरते, किलोमागे रोज २० मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या बाईला दिवसाला १.२ मिलिग्रॅम, तीन वेळांत विभागून. वारेच्या पेशी काढून जनुकं तपासता येतात ती दहाव्या ते बाराव्या आठवड्यात आणि अहवाल यायला आणखी दिवस जातात. गर्भ मुलाचा निघाला किंवा निरोगी मुलीचा निघाला, तर औषध हळूहळू बंद करायचं. आजारी मुलीचा निघाला, तर बाळंतपणापर्यंत चालू ठेवायचं.

आता शक्यता मोजू. अशा जोडप्याचं मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक आणि ते मूल मुलगी असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे उपचाराचा हेतू लागू पडतो तो आठांतल्या एका गर्भाला. उरलेल्या सातांना गर्भावस्थेतले सर्वांत नाजूक पाच-सहा आठवडे एक जोरकस स्टेरॉइड मिळतं, ज्याचा त्यांना काडीचाही उपयोग नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे संप्रेरकतज्ज्ञ वॉल्टर मिलर यांच्या हिशेबानुसार, त्या वयाच्या गर्भात नैसर्गिकपणे जितकं संप्रेरक असतं त्याच्या साठपट किंवा त्याहून अधिक परिणाम या मात्रेनं होतो. मेंदू, हृदय, मूत्रपिंडं याच काळात घडत असतात. आणि आठवी मुलगी, जिच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं, तिचाही आजार बरा होत नाही. जन्मानंतर मीठ निघून जाण्याचा धोका तसाच राहतो, जन्मभराच्या गोळ्याही तशाच. जननेंद्रियांच्या रचनेपुरताच हा उपचार आहे.

या वादातल्या लिखाणात आयांबद्दल कधी कधी अन्याय होतो असं मला वाटतं. पहिल्या मुलीवर दोन-तीन शस्त्रक्रिया झालेल्या, तिचं ड्रेसिंग स्वतःच्या हातानं बदललेल्या, नातेवाइकांच्या नजरा सोसलेल्या बाईला ‘दिसण्यासाठी एवढा धोका कशाला?’ असं विचारणं सोपं आहे. गोळ्यांची किंमत तिनंही मोजली. वजन भराभर वाढणं, पोटावर जाड जांभळे व्रण उठणं, झोप उडणं, रक्तदाब आणि साखर वाढणं, हे सगळं अंगावर काढून कित्येकींनी पूर्ण नऊ महिने हे औषध घेतलं. माझा रोख त्यांच्यावर नाही. त्यांना काय सांगितलं गेलं आणि काय सांगायचं राहिलं, या प्रश्नावर आहे.

इथे ‘ऑफ-लेबल’ ही व्यवस्था समजून घ्यावी लागते. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन एखादं औषध ठरावीक आजारासाठी मंजूर करतं. एकदा ते बाजारात आलं की डॉक्टर स्वतःच्या विवेकानं ते दुसऱ्या आजारासाठी, दुसऱ्या मात्रेत, दुसऱ्या वयाच्या रुग्णाला देऊ शकतात. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. ही मुभा नसती तर लहान मुलांचे, कर्करोगाच्या रुग्णांचे आणि गर्भवती स्त्रियांचे फार हाल झाले असते, कारण त्यांच्यासाठी रीतसर मंजूर झालेली औषधं फार थोडी आहेत. म्हणून ऑफ-लेबल वापराला सरसकट दोष देणारे लोक दवाखान्यातलं वास्तव पाहत नाहीत, असं मी म्हणेन.

अमेरिकेच्या कायद्यात उपचार आणि संशोधन यांमध्ये मात्र एक रेघ आखलेली आहे. टस्कीगीचं प्रकरण १९७२ मध्ये उघड झालं, उपचार न देता कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस नुसता पाहत बसलेले डॉक्टर देशानं पाहिले, आणि त्यानंतर ही रेघ ठळक झाली. १९७९ च्या बेलमॉन्ट अहवालानं तिची तात्त्विक मांडणी केली. रेघेच्या संशोधनाच्या बाजूला नीतिसमिती असते, लेखी संमती असते, धोक्यांची यादी असते. उपचाराच्या बाजूला डॉक्टर आणि रुग्ण, बस. टीकाकारांचं म्हणणं असं, की गर्भावस्थेतलं डेक्सामेथासोन या रेघेवरून सोयीनं इकडेतिकडे सरकवलं गेलं. बाई गोळ्या घेत होती तेव्हा तो उपचार होता. मूल मोठं झाल्यावर त्याची पाहणी करण्यासाठी सरकारी अनुदान मागताना तेच संशोधन झालं. संशोधनात सहभागी व्हायची संमती मागितली गेली तोवर ज्याचा धोका पत्करायचा तो पत्करून झालेला होता.

न्यू यांच्या गटानं २००१ मध्ये ५३२ गर्भारपणांवरचा निबंध प्रसिद्ध केला. एवढा मोठा अनुभव जगात फार थोड्यांकडे असेल. पण जन्माच्या वेळी बाळ ठीक दिसलं, वजन-उंची ठीक होती, एवढ्यानं मेंदूवरच्या परिणामाचं उत्तर मिळत नाही. ते मिळायला शाळेत जाणारं, मग वयात येणारं, मग नोकरी करणारं मूल पाहावं लागतं. तुलनेसाठी उपचार न झालेली मुलंही पाहावी लागतात.

फेब्रुवारी २०१० मध्ये इतिहासकार अ‍ॅलिस ड्रेगर, तत्त्वज्ञ एलन फेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाला आणि संशोधनातल्या माणसांचं रक्षण करणाऱ्या सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं. तीसहून अधिक नीतिअभ्यासकांच्या त्यावर सह्या होत्या. उत्तर सप्टेंबरमध्ये आलं आणि त्यात कारवाईचं कारण दिसत नाही असं कळवलेलं होतं. ‘अमेरिकन जर्नल ऑफ बायोएथिक्स’मध्ये लॉरेन्स मॅक्युलॉ आणि सहकाऱ्यांनी उलट पत्र लिहिणाऱ्यांच्याच वर्तनाला अनैतिक ठरवलं. एका मान्यवर डॉक्टरवर अपुऱ्या पुराव्यानिशी आरोप केले आणि रुग्णांना घाबरवलं, हा त्यांचा मुद्दा. त्याच महिन्यात एंडोक्राइन सोसायटीची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली. त्यांनी हा उपचार प्रायोगिक मानावा आणि नीतिसमितीनं मान्य केलेल्या संशोधनाच्या चौकटीतच द्यावा, असं म्हटलं. २०१८ च्या सुधारित आवृत्तीतही हीच भूमिका कायम राहिली. नियम मोडले गेले नाहीत असं सरकार सांगतं आणि याच क्षेत्रातली तज्ज्ञांची संघटना उपचाराला प्रायोगिक म्हणते. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि माझ्या मते सगळी अडचण तिथेच आहे. कायद्यात बसणारी गोष्ट होती, म्हणून ती पंचवीस वर्षं पुरेशा नोंदीविना चालू शकली.

वादाला एक दुसरं अंगही होतं. सीएएचच्या मुली लहानपणी बाहुल्यांपेक्षा मुलांच्या खेळांत अधिक रमतात आणि मोठेपणी त्यांच्यात समलिंगी आकर्षणाचं प्रमाण थोडं अधिक असतं, असं काही संशोधकांनी नोंदवलेलं आहे. सरोज निमकर्ण आणि न्यू यांनी २०१० मध्ये लिहिताना, गर्भातल्या उपचारानं हे ‘पुरुषी वळण’ कमी होईल अशी अपेक्षा व्यक्त केली. ड्रेगर यांनी त्यावर कडाडून टीका केली. मुलीनं कशाशी खेळावं आणि कुणावर प्रेम करावं हे औषधानं ठरवायला गर्भापासून सुरुवात करणं मलाही भयंकर वाटतं. तरी या एका मुद्द्याभोवती इतका धुरळा उडाला, की आठांतल्या सातांचा साधा प्रश्न काही काळ बाजूला पडला.

त्या प्रश्नाचं काम स्वीडननं केलं. तिथं १९९९ पासून हा उपचार फक्त ‘प्रिडेक्स’ या अभ्यासाचा भाग म्हणूनच दिला गेला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या स्वेतलाना लायिच, तात्या हिर्विकोस्की आणि सहकाऱ्यांनी औषध मिळालेल्या मुलांना शाळकरी वयात बोलावून तपासलं. २००७ च्या त्यांच्या निबंधात अशी २६ मुलं होती. ज्यांना आजार नव्हता आणि औषध थोडेच आठवडे मिळालं होतं, त्यांच्यात ऐकलेले शब्द आणि आकडे मनात धरून काम करण्याची क्षमता कमी आढळली. अभ्यासात आपण कमी पडतो असं त्यांना अधिक वाटत होतं, चारचौघांत बुजणंही अधिक होतं. आकडा लहान होता आणि संशोधकांनी तो लहान असल्याचं लपवलं नाही. पुढे प्रिडेक्समधल्या ४३ अपत्यांमध्ये आठ गंभीर घटना नोंदल्या गेल्या. त्या औषधामुळेच घडल्या असं सिद्ध होत नव्हतं. तरीही २०१० मध्ये या गटानं स्टॉकहोमच्या नीतिसमितीला कळवून नव्या स्त्रियांना अभ्यासात घेणं थांबवलं, आणि २०१२ मध्ये लिहिलं की पुढच्या तपासणीची सोय न करता जगात कुठेही हा उपचार देणं आम्हाला मान्य नाही. पुढे हीच मुलं तरुण झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा लहानपणी दिसलेले स्मरणशक्तीतले फरक आढळले नाहीत. तेही त्यांनी तितक्याच मोकळेपणानं छापलं. ही दिलासा देणारी बातमी आज एखाद्या आईला सांगता येते, कारण कुणीतरी त्या मुलांची यादी ठेवली होती.

यादीचं महत्त्व याच औषधाच्या कुळातल्या दुसऱ्या कथेत आणखी स्पष्ट दिसतं. वेळेआधी कळा सुरू झालेल्या बाईला बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलं जाणारं इंजेक्शन आपल्याकडे बहुतेक घरांना ठाऊक आहे. डेक्साचे सहा मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये ग्रॅहॅम लिगिन्स यांना मेंढ्यांवरच्या प्रयोगांत या कुळातल्या औषधाचा गुण दिसला. त्यांनी आणि रॉस हौई यांनी लगेच सगळ्यांना इंजेक्शन द्यायला सुरुवात केली नाही. २८२ मातांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातली मुलं तीस वर्षांची झाल्यावर त्यांना शोधून पुन्हा तपासलं गेलं. गरीब देशांतल्या रुग्णालयांत हे औषध तितकंच उपयोगी आहे का, अशी शंका पुढे आली तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांत २,८५२ स्त्रियांवर चाचणी घेतली. २०२० मध्ये तिचं उत्तर आलं, नवजात बाळांचे मृत्यू कमी होतात. म्हणून एक विनंती इथे स्पष्ट करतो. हे पुस्तक वाचून कुणी वेळेआधीच्या कळांमध्ये ते इंजेक्शन नाकारू नये. दोन दिवसांचे चार डोस आणि सातव्या आठवड्यापासूनच्या रोजच्या गोळ्या यांत महदंतर आहे.

गर्भवतीला दिलेल्या औषधाचे परिणाम किती उशिरा दिसतात, हे डायइथिलस्टिलबेस्ट्रॉलनं जगाला शिकवलं. गर्भपात टळावा म्हणून दिल्या जाणाऱ्या या संप्रेरकाचा उपयोग होत नाही हे शिकागोतल्या चाचणीनं १९५३ मध्येच दाखवलं होतं. तरी ते दिलं जात राहिलं. १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांना तरुण मुलींत योनीचा एक दुर्मीळ कर्करोग सापडला. आठ रुग्णांपैकी सात जणींच्या आयांनी त्या मुलींच्या वेळी गरोदर असताना हे औषध घेतलं होतं. गर्भवतींना दिलेल्या थॅलिडोमाइड या दुसऱ्या औषधाचे परिणाम जन्मताच दिसत होते, इथे वीस वर्षं लागली. या आणि अशा अनुभवांतून एक विचित्र पायंडा पडला. गर्भवतींना जपायचं म्हणून त्यांना औषधांच्या चाचण्यांतून बाहेर ठेवलं गेलं. पण गर्भवती आजारी पडायच्या थांबल्या नाहीत. त्यांना रक्तदाब, अपस्मार, नैराश्य, मलेरिया होतच राहिला, औषधं लागतच राहिली. ती चाचणीविना दिली गेली, म्हणजे एका अर्थानं प्रत्येक दवाखान्यात एकेका बाईवर वेगवेगळी चाचणी झाली, जिचा निकाल कुणी लिहून ठेवला नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. ‘पाळी आणायच्या गोळ्या’ म्हणून इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास विकल्या जात. दिवस राहिलेत का हे पाहायला आणि राहिले असतील तर ते जावेत या समजुतीनं बाया त्या घेत. दिवस जात नसत, गर्भाला मात्र संप्रेरकाचा डोस बसे. १९८२ मध्ये बंदीचा आदेश निघाला, उत्पादकांनी न्यायालयांतून स्थगिती मिळवली. स्त्रियांच्या संघटना आणि औषध चळवळीतले कार्यकर्ते लढत राहिले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८८ मध्ये बंदी आली. त्याच वर्षी महाराष्ट्रानं गर्भलिंग निदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा त्यानंतरचा.

गर्भलिंग निदानाला आळा घालणारा हा कायदा सीएएचच्या वादाला अनपेक्षित ठिकाणी येऊन भिडतो. आता आईच्या रक्तात तरंगणाऱ्या गर्भाच्या डीएनएवरून सहाव्या-सातव्या आठवड्यात लिंग कळू शकतं. फ्रान्समध्ये या तपासणीमुळे मुलाच्या गर्भाला उगाच औषध देणं टाळता आलं, म्हणजे आठांतल्या चौघांची सुटका झाली. न्यू आणि हाँगकाँगचे डेनिस लो यांनी २०१४ मध्ये आजाराचं जनुकही अशाच रक्तातून ओळखता येतं हे दाखवलं. आपल्याकडे गर्भाचं लिंग आईबापांना सांगणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. मुलींच्या गर्भांचं जे काही आपण केलं त्यानंतर त्या कायद्यात फट पाडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण मग सीएएचची जोखीम असलेल्या जोडप्याला इथे कुणी डेक्सा सुचवलं, तर ते मुलाच्या गर्भालाही जाणार हे धरून चालावं लागतं आणि धोक्याचा हिशेब फ्रान्सपेक्षा वेगळा करावा लागतो. परदेशी निबंधातला सल्ला जसाच्या तसा उचलून चालत नाही, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

पुढच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंची मांडणी शक्य तितकी त्यांच्याच मुद्द्यांनी केली आहे आणि जिथे माझं मत आहे तिथे ते माझं म्हणून लिहिलं आहे. हे पुस्तक डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी वाचावंच, पण लिहिताना माझ्यासमोर एक जोडपं होतं, ज्याचं पहिलं मूल सीएएचचं आहे आणि ज्याला दुसरं हवं आहे. गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली तर त्यांनी डॉक्टरांना विचारावं. हे औषध या कारणासाठी मंजूर आहे का? नसेल तर कोणत्या नीतिसमितीनं हा उपचार तपासला आहे? आमच्या बाळाला आजार नाही असं बाराव्या आठवड्यानंतर कळलं, तर तोवर गेलेल्या औषधाची नोंद कुठे राहील? मूल सात वर्षांचं झाल्यावर त्याला कोण तपासेल, आणि त्याचा खर्च कोण करेल? औषध न घेता बाळ जन्माला आलं आणि शस्त्रक्रियेचा निर्णय मुलगी मोठी होईपर्यंत पुढे ढकलला, तर आमच्या मदतीला इथे कोण आहे?